मासळीने कॅन्सर होतो का? फॉर्मलिन, डांबर, धूर आणि मावा



"मासळीला औषध मारतात, खाल्ली की कॅन्सर होतो" असा मेसेज पुन्हा फिरतोय. गिऱ्हाईक आपल्या बायकांना तो मोबाईल दाखवून विचारतं आणि त्या बिचाऱ्या काय उत्तर देणार? श्रावणात धंदा तसाही बसलेला असतो, त्यात हे. म्हणून संस्थेतर्फे आम्ही जेवढं वाचून, विचारून समजून घेतलं ते इथे मांडतो. लांबलचक आहे, पण सावकाश वाचा. करजणच्या नर्मदाकाठच्या सभासदांबरोबर पालघर, रायगड, सिंधुदुर्गातली आपली सोयरी मंडळीही हे पान वाचतात, म्हणून नदी आणि दर्या दोन्हीचं लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. फ्रान्समधल्या लियों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, १९६५ पासूनची. कुठल्या वस्तूने माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा तपासून ती संस्था गट पाडते. गट १ म्हणजे पुरावा पक्का. गट २-अ म्हणजे बहुतेक होत असावा. गट २-ब म्हणजे शक्यता आहे. गट १ मध्ये सव्वाशेच्या आसपास नावं आहेत. त्यात तंबाखू आहे, दारू आहे, ऊनसुद्धा आहे. २०१५ साली टिकवलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, त्याच गटात गेलं आणि पेपरवाल्यांनी "सॉसेज सिगारेटइतकंच घातक" असं छापून टाकलं. हे चूक. (मासळी त्या मांसात धरलेली नाही, हेही लक्षात असू द्या.)

बंदरावर बावटा लागतो तेव्हा नंबर वाढला की वादळाचा जोर वाढला, हे आपल्या लेकराला पण कळतं. हे गट तसे नाहीत. गट १ चा अर्थ एवढाच की इथे पाण्याखाली खडक आहे, याबद्दल शंका नको. तुमची होडी त्याला लागेल की नाही, हे तुम्ही किती जवळून जाता, किती वेळा जाता, भरती आहे की ओहोटी, यावर. म्हणजे किती प्रमाणात, किती वर्षं आणि कुठल्या वाटेने ती वस्तू अंगात गेली, हे बघावं लागतं. श्वासातून, तोंडातून की कातडीतून? हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

आता फॉर्मलिन. फॉर्माल्डिहाईड नावाचा वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मलिन होतं. मेलेली शरीरं टिकवायला वैद्यकीय कॉलेजात वापरतात तेच. २००४ साली हे गट १ मध्ये गेलं. पण कुठल्या पुराव्यावर? कारखान्यात वर्षानुवर्षं त्याची वाफ नाकात घेणाऱ्या कामगारांवरून. नाकाच्या मागचा भाग, म्हणजे घशाच्या वरची जागा, तिथला कर्करोग त्यांच्यात दिसला. पुढे रक्ताच्या कर्करोगाशीही संबंध धरला गेला. मासळीतून पोटात गेलेल्या फॉर्मलिनबद्दल तितका पक्का पुरावा त्यात नाही. तरी ते पोटाच्या आतल्या त्वचेला जाळतं, आणि आपल्या देशात मासळीला फॉर्मलिन लावायला परवानगीच नाही. एक थेंबही नाही. त्यामुळे "थोडं मारलं तर काय बिघडतं" हा मुद्दाच येत नाही.

पण वरच्या गोष्टीतून एक निघतं ते कुणी बोलत नाही. फॉर्मलिनची वाफ सगळ्यात जास्त कोण घेतं? खाणारा नाही. बर्फाच्या पेटीत ते ओतणारा पोरगा, बंद टेम्पोत पेट्या रचणारा हमाल, आणि पेटी उघडून दिवसभर त्यावर वाकून बसणारी आपली मावशी. डोळे चुरचुरले, नाक झोंबलं की ती म्हणते मासळी उग्र आहे. ती मासळी नसते, बाई. ताजी मासळी डोळ्यांतून पाणी काढत नाही. अशी पेटी आली तर ती परत करा. व्यापारी कुरकुर करेल तर संस्थेचं नाव सांगा.

गोव्यात काय झालं ते आठवत असेल. २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने धाड घातली. जागेवर किटने तपासलं तेव्हा फॉर्मलिन दिसलं. नंतर प्रयोगशाळेच्या हवाल्याने सांगितलं गेलं की मर्यादेत आहे. लोक भडकले. जी वस्तू घालायचीच नाही, तिला मर्यादा कसली? सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंदच केली. पुढे नोव्हेंबरात नोंदणी आणि शीतपेटीच्या गाड्यांची अट आली आणि सिंधुदुर्गातल्या आपल्या लोकांच्या गाड्या सीमेवर अडकल्या. ज्यांनी आयुष्यात फॉर्मलिनची बाटली पाहिली नाही, त्यांचा माल सडला. त्याच वर्षी जूनमध्ये केरळात हजारो किलो मासळी आणि कोलंबी पकडली गेली होती, त्यानंतरची ही गडबड. दोन-चार लबाडांमुळे आख्ख्या किनाऱ्याची मासळी बदनाम होते ती अशी.

त्या "मर्यादे"त थोडं तथ्यही होतं आणि ते आपल्याला माहीत असायला हवं. समुद्री माशाच्या अंगात मीठ-पाणी सांभाळायला एक नैसर्गिक पदार्थ असतो. मासा मेल्यावर तो पदार्थ फुटतो आणि त्यातून थोडं फॉर्माल्डिहाईड आपोआप तयार होतं. काही जातींत हे जास्त होतं, आणि त्यात पहिलं नाव आपल्या बोंबलाचं. चोर बोंबीलही त्याच घराण्यातला. म्हणजे बोंबलावर किटचा रंग बदलला तर लगेच विकणाऱ्याला चोर ठरवू नका. शिळा होईल तसा आकडा वाढतो, म्हणून ताजा बोंबील आणि नीट बर्फ, एवढाच त्यावर उपाय. आपल्या नदीतल्या रोहू-कटल्यात हे जवळजवळ होतच नाही, त्यामुळे गोड्या पाण्याच्या मासळीवर रंग गडद आला तर मात्र संशय घ्यायचा.

किट म्हणजे काय? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची चाचणी काढली आहे, एक अमोनियासाठी आणि एक फॉर्मलिनसाठी. पट्टी माशाच्या अंगावर घासायची, बाटलीतला थेंब टाकायचा, रंग तक्त्याशी जुळवायचा. दोन-तीन मिनिटांचं काम. आमचं मत असं की प्रत्येक संस्थेने लिलावाच्या जागी हे ठेवावं आणि गिऱ्हाईकासमोर वापरावं. माशी बसत नाही म्हणजे फॉर्मलिन, हे जुनं ठोकताळ्याचं झालं. बर्फ भरपूर असेल तरी माशी बसत नाही.

आणि बर्फावर कंजूषपणा करू नका. आपल्या हवेत मासळी जितकी, बर्फ तितका, किलोला किलो. पेटीत तळाला बर्फ, मध्ये थर, वर बर्फ. ज्याला बर्फ परवडत नाही तोच फॉर्मलिनकडे वळतो, हे खरं कारण आहे. म्हणून बर्फ कारखान्याचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न आहे असं आम्ही मानतो.

सुक्या मासळीबद्दल. "खारवलेला मासा गट १ मध्ये आहे" असंही वाचायला मिळतं. तो चिनी पद्धतीचा खारा मासा. दक्षिण चीनकडे मासा थोडा नरम पडू देतात, मग मिठात घालतात, आणि तो लहान बाळाला अन्नप्राशनापासूनच भाताबरोबर भरवत. त्या कुजण्याच्या टप्प्यात नायट्रोसमाईन नावाचे पदार्थ तयार होतात आणि नाकामागचा कर्करोग तिकडे जास्त दिसतो. आपण बोंबील ताजाच दांड्यांवर टांगून उन्हात कडक करतो. ही रीत वेगळी. पण शिळा माल "आता सुकवून टाकू" म्हणून वाळत घालणं, वाळूवर पसरणं, आणि माशा बसू नयेत म्हणून त्यावर कीटकनाशक फवारणं, हे तीनही बंद. फवारणीचं औषध धुऊन जात नाही, कालवणात येतं.

तळ्यातली मासळी करणाऱ्या सभासदांनी पुढचं लक्ष देऊन वाचावं. १९७४ साली आपल्या शेजारच्या पंचमहालात आणि लागून असलेल्या राजस्थानातल्या बांसवाड्यात आदिवासी पाड्यांवर कावीळ पसरली. पोटात पाणी, यकृत निकामी. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यांच्याबरोबर कुत्रीही मेली, कारण कुत्र्यांनाही तोच रोटला मिळायचा. अवकाळी पावसाने भिजलेला मका बुरशीसकट साठवला होता. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. एकदम जास्त गेलं तर माणूस मरतो, थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर यकृताचा कर्करोग होतो, आणि ज्याला ब प्रकारची कावीळ आहे त्याला धोका कितीतरी पट. हे गट १ मध्ये आहे आणि शिजवून, भाजून ते पूर्ण जात नाही.

याचा तळ्याशी संबंध? १९६० च्या सुमारास अमेरिकेत पाळलेल्या ट्राउट माशांना यकृताच्या गाठी यायला लागल्या. शोध घेतला तर खाद्यातली सरकीची पेंड बुरशीची निघाली. आपल्या कानम पट्ट्यात सरकीची पेंड भरपूर, शेंगदाण्याची पेंडही आपण तळ्यात टाकतो. पावसात ओल लागलेलं पोतं "मासेच तर खाणार" म्हणून स्वस्तात घेऊ नका. पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा. काळी-हिरवी बुरशी दिसली की फेकून द्या, गुरांनाही घालू नका. दुधातून येतं.

आता बोटीवर येऊ. हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे रोजचा संबंध आहे.

डांबर. तळाला लावायला आपले आजोबा-पणजोबा वापरत आले. दगडी कोळशाचं डांबर हे कर्करोगाच्या इतिहासातलं पहिलंच नाव आहे म्हणा ना. १७७५ साली लंडनमधल्या पर्सिव्हल पॉट या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की धुरांडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो, काजळी अंगाला चिकटून राहते म्हणून. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशाच्या कानाला महिनोन् महिने डांबर चोळलं आणि कानावर कर्करोग उठला. तेव्हा पहिल्यांदा प्रयोगात सिद्ध झालं की एखादा पदार्थ कर्करोग करू शकतो. आपण तेच डांबर उघड्या हाताने, उघड्या मांड्यांनी, ऐन उन्हात लावतो. ऊन आणि डांबर एकत्र आलं की कातडी आणखी भाजते. इंजिनातून काढलेलं काळं ऑईल लाकडाला फासणं हाही तोच प्रकार, त्यात जळके पदार्थ साठलेले असतात. आणि काम झाल्यावर हात पेट्रोलने धुणं! पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते रक्ताचा कर्करोग करतं. खोबरेल किंवा गोडं तेल चोळून मग साबण लावला तर डांबर तितकंच निघतं. करून बघा. रबरी हातमोजे, लांब बाह्या, फुल पँट, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

डिझेलचा धूर २०१२ साली गट १ मध्ये गेला. अमेरिकेत खाणीत काम करणाऱ्या बारा हजारांहून जास्त कामगारांचा अभ्यास झाला, जमिनीखाली बंद जागेत डिझेल यंत्रांचा धूर घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त आढळले. उघड्या दर्यावर वारा धूर उडवून नेतो, तिथे फार भीती नाही. भीती इंजिनखोलीत. गॅस्केट गळतंय, धूर आत येतोय, आणि थंडी आहे म्हणून खलाशी इंजिनशेजारीच झोपलाय. मालकांना हात जोडून सांगतो, गळकी धुराची नळी आधी बदला, नवीन झेंडे-रंग नंतर. धक्क्याला बोट लागल्यावर इंजिन उगाच चालू ठेवू नका.

धुराच्या नळीवर गुंडाळलेली पांढरट दोरी पाहिली आहे का? जुन्या बोटींवर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. खंबातच्या आखाताच्या पलीकडे अलंगला जहाजं मोडतात, तिथला स्वस्त माल आपल्याकडेही येतो, इंजिनाचे भाग, पत्रे, दोऱ्या. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी रोग वर येतो. बिडी ओढणाऱ्याला धोका नुसता मिळवला जात नाही, गुणला जातो. जुनी दोरी काढायची तर आधी पाणी मारून भिजवा, सुकी खरवडू नका, प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत बांधा. नवीन घेताना काचतंतूची मागा. फायबरच्या बोटी दुरुस्त करताना राळेचा जो उग्र वास येतो तो स्टायरिनचा, ते २-अ गटात आहे. उघड्यावर काम करा, बंद शेडमध्ये नको.

पावसाळी बंदीत आपली पोरं कारखान्यात, खडी-दगडाच्या कामावर जातात. त्यांना एवढंच सांगा की दगडाची पांढरी धूळ साधी नसते. गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर-झाबुआकडचे मजूर गेले, खोकत परत आले आणि शेकड्याने मेले. सिलिकोसिस. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले. खंबातला अकीक घासणाऱ्यांच्या घरातही तीच धूळ. सिलिकोसिसखेरीज फुप्फुसाचा कर्करोगही तिने होतो, तीही गट १ मध्ये. रुमाल बांधून ती अडत नाही. पाणी मारून काम होत नसेल तर ती मजुरी नको.

नदीच्या पाण्याबद्दल विचारणा जास्त आहे. वडोदऱ्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारी सुमारे ५६ किलोमीटरची वाहिनी १९८३ पासून जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखाशी सुटते. गोरव्याच्या बाजूला क्रोमियमचा कचरा वर्षानुवर्षं पडून राहिला, तो वादही कोर्टात गेला. सहा-संयुजी क्रोमियम हे कर्करोगकारक आहेच. पण म्हणून नरेश्वरच्या डोहातला रोहू विषारी, असा त्याचा अर्थ होत नाही. कुठल्या जागेचं पाणी, कुठला मासा, किती वयाचा, हे बघायला लागतं. जड धातू आणि तेलकट रसायनं मोठ्या, म्हाताऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशात साठतात, लहान माशात कमी. सांडपाण्याच्या तोंडाशी जाळं टाकू नका, तिथे मासा जास्त मिळाला तरी. रंगाचं, फेसाचं पाणी किंवा मेलेले मासे दिसले तर त्याच दिवशी फोटो, वेळ आणि जागा लिहून संस्थेत द्या. प्रदूषण मंडळाकडे लेखी अर्ज आम्ही करू. तोंडी तक्रारीचं काही होत नाही, हा अनुभव आहे.

एवढं सगळं लिहिलं खरं, पण आपल्या वस्तीत कर्करोगाचे पेशंट मोजायला बसलात तर फॉर्मलिनचा एक सापडणार नाही. मावा, गुटखा, बिडी आणि बायकांत मिश्री, इकडे गुजरातेत बजर, यांचेच सापडतील. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत गुजरातेत दर चार मोठ्या माणसांतला एक तंबाखू घेत होता, महाराष्ट्रात त्याहून थोडे जास्त. अहमदाबादच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग वर्षानुवर्षं अगदी वर आहे. गुटख्याला दोन्ही राज्यांत २०१२ पासून बंदी, आणि पानाच्या टपरीवर सुपारी-तंबाखू वेगळी घेऊन तळहातावर मावा तयार. "तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, नुसती सुपारीही गट १ मध्ये आहे. तिने गाल आतून कडक होतात, तोंड उघडेनासं होतं. रात्री जाळ्यावर झोप येऊ नये म्हणून खलाशी मावा दाबतो, हे आम्हाला माहीत आहे. मालकाने बोटीवर चहाचा थर्मास आणि चणे-गूळ ठेवला तर फरक पडतो, काही बोटींवर हे सुरू झालं आहे. तंबाखूवर दारू पडली की तोंड-घशाचा धोका पुन्हा गुणला जातो.

घरी करायची तपासणी: आरशासमोर तोंड उघडा, आपलीच तीन बोटं उभी करून आत जातात का बघा. जात नसतील तर दाखवा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिथे मावा ठेवता तिथे पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, आवाज बसलेला, गिळताना अडकणं, यातलं काहीही असलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखतच नाही. मिश्री लावणाऱ्या आया-बहिणींनी हिरड्या बघाव्यात. तीस वर्षांवरच्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, लाजू नका, आशाताईंना विचारा. पुढे वडोदऱ्याचं सयाजी हॉस्पिटल, अहमदाबादची कर्करोग संस्था, महाराष्ट्रातल्यांना परळचं टाटा.

आयुष्मान कार्ड नसलेल्यांनी आधार आणि रेशनकार्ड घेऊन संस्थेत यावं. ज्यांचं रेशनकार्ड अजून महाराष्ट्रातल्या गावी आहे त्यांनी तेही आणावं, कार्ड कुठून निघेल ते आम्ही बसून बघू. बोटीवर गेलेल्यांच्या वतीने घरच्या बाईने आलं तरी चालेल.